व्हीडॉट कॅल्क्युलेटर : फुकट आहे, खरं सांगतं, पण कोचचं काम त्याच्यावर टाकू नका

पुण्यात सकाळी साडेपाचला पाषाण रोडला नाहीतर युनिव्हर्सिटीच्या गेटपाशी उभं राहा, एकच प्रश्न चार तोंडांतून ऐकू येतो, "आज कितीच्या पेसने?" (पेस म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं ते.) आणि उत्तर देणारा बहुतेक वेळा ग्रुपमधला सगळ्यात जलद माणूस असतो. तो म्हणतो सहाने, की सगळे सहाने. त्यात कोणी चाळिशीतली, नुकती हाफला (२१ किलोमीटरच्या रेसला) नाव नोंदवलेली, कोणी साठीचे काका, कोणी रात्री एकपर्यंत कॉलवर असलेला आयटीवाला, आणि सगळ्यांना सहा. मला ह्या गोष्टीचा मनापासून त्रास होतो, कारण चांगली पळणारी माणसं गुडघा नाहीतर नडगी दुखावून घेतात आणि "आपल्याला पळणं झेपत नाही" म्हणून कायमची थांबतात. झेपत असतं हो, पेस दुसऱ्याची असते!

म्हणून हा रिव्ह्यू. व्हीडॉट कॅल्क्युलेटर, म्हणजे रेसच्या वेळेवरून तुमच्या ट्रेनिंगच्या पेस काढून देणारी साईट, मी बरीच वर्षं वापरतीये, नवऱ्याला वापरायला लावलं, ठाण्याच्या नणंदेला, ऑफिसमधल्या मैत्रिणींना पण. मधल्या काळात घड्याळातले प्लॅन बघून झाले, महिन्याचे पैसे घेणारे ग्रुप बघून झाले, आणि आता ज्या सरांकडे आम्ही जातो ते पण हेच वापरतात, फक्त कसं वापरायचं ते त्यांना माहितीये. तो फरकच सांगायचाय.

आधी हे काय आहे ते. जॅक डॅनियल्स नावाचे अमेरिकन कोच. स्वतः मॉडर्न पेंटॅथलॉनचे खेळाडू, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला टीमचं सिल्व्हर आणि १९६० च्या रोमला टीमचं ब्राँझ. नंतर व्यायामाच्या शरीरशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे कॉलेजच्या मुलामुलींना पळवण्यात आयुष्य घातलं. त्यांनी आणि जिमी गिल्बर्ट ह्या सहकाऱ्याने मिळून १९७९ मध्ये हे तक्ते काढले. लॅबमध्ये तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर पळवतात आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजतात, तो झाला व्हीओटू मॅक्स. पण दोघांचा व्हीओटू मॅक्स सारखा असला तरी रेसमध्ये वेळ सारखी येईलच असं नाही, कारण एकजण कमी ऑक्सिजनमध्ये तेच अंतर काढतो, दुसऱ्याला जास्त लागतो. मग लॅब कशाला, सरळ रेसची वेळ घ्या आणि तिथून मागे मोजत या. तो जो आकडा येतो तो व्हीडॉट. मास्क नको, खर्च नको, घड्याळसुद्धा महागाचं नको.

वापरायला अगदी सोपं. साईट उघडायची, अंतर निवडायचं, वेळ टाकायची, बटण दाबायचं. मग तुमची रेसची पेस, ट्रेनिंगच्या पाच पेस (इझी म्हणजे आरामाची, मॅरेथॉन, थ्रेशोल्ड, इंटरव्हल म्हणजे मधेमधे दम घेत जोरात पळायच्या तुकड्यांची, आणि रिपिटिशन म्हणजे त्याहून जलद छोट्या तुकड्यांची) आणि बाकीच्या अंतरांना साधारण किती वेळ यावी ते सगळं समोर येतं. किलोमीटरमध्ये पण दिसतं, माईलचं गणित करत बसायला लागत नाही.

आता खरं उदाहरण घेऊ. कोणाची १० किलोमीटरची वेळ ६३ मिनिटं ४६ सेकंद आहे. व्हीडॉट येतो ३०. मग इझी पेस साधारण साडेसात ते सव्वाआठ, थ्रेशोल्ड ६:२४, इंटरव्हलला ४०० मीटरचा एक राऊंड २:२२ मध्ये. हाफची वेळ २ तास २१, फुलची (४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनची) ४ तास ४९. आपल्याकडे तासाच्या थोडं वर १० के करणारी मंडळी भरपूर आहेत, बहुतेक कुठलीही रविवारची रेस बघा, मधला सगळा घोळका तिथेच असतो. आणि ह्यातले बरेचजण रोज सकाळी ६:१५ ने पळतात आणि त्याला इझी म्हणतात. ६:१५! म्हणजे ह्यांच्या थ्रेशोल्डपेक्षाही जलद. थ्रेशोल्ड म्हणजे रेसच्या दिवशी, ताज्या पायांनी, जीव लावून पळलं तर साधारण तासभर टिकेल ती पेस, आणि ती पेस हे लोक मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार लावतायत, वर रविवारी एलएसडी, म्हणजे लांबचं सावकाश पळणं. मग डिसेंबरात पिंडरी धरली की म्हणायचं शूज बदलायला हवेत.

का असं होतं, तर पेस मागून ठरवली जाते. हाफ दोन तासाच्या आत करायचीये ना, मग ५:४१ ने पळायची सवय लावा, असं कोणीतरी सांगतं. ऐकायला बरोबर वाटतं. पण दोन तासाची हाफ ज्याच्याकडून होते त्याची १० के साधारण ५४ मिनिटांच्या आसपास असते, म्हणजे ६३ वाल्याला आधी नऊ मिनिटं कमी करायचीत, आणि ती रोज ५:४१ ने धापा टाकून कमी होत नाहीत. कॅल्क्युलेटरची सगळ्यात मोठी किंमत मला इथे वाटते. तुम्हाला काय हवंय ते तो विचारतच नाही, काय पळून झालंय तेवढंच विचारतो. टार्गेट टाकायचा मोह होतो लोकांना, ५४ टाकून बघतात आणि त्या पेस वहीत लिहून घेतात, तसं अजिबात करू नका. पळून आलेली वेळच टाका, आणि ती पण अलीकडची, दीड-दोन महिन्यातली. लॉकडाऊनच्या आधीची पीबी (स्वतःची सगळ्यात चांगली वेळ) आठवणीत ठेवा, कॅल्क्युलेटरमध्ये नको.

माझ्या एका मैत्रिणीचं सांगते, तिची परवानगी घेऊनच. ती ह्याच ६३-६४ मिनिटांवर होती आणि दर पावसाळ्यात काही ना काही दुखायचं. पावणेआठने पळायचं म्हटल्यावर तिला लाज वाटायची, चालणारे लोक बघतात म्हणायची, आणि स्ट्राव्हावर (पळणं नोंदवून सगळ्यांना दाखवायच्या ॲपवर) टाकायला नको वाटायचं. सरांनी सांगितलं, नका टाकू. आठवड्यात एकच दिवस थ्रेशोल्ड, तेही आठवड्याच्या एकूण किलोमीटरच्या दहाव्या भागाच्या आत, बाकी सगळं पावणेआठ. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तिची १० के ५६ मिनिटात झाली. म्हणजे व्हीडॉट ३५, आणि तिची आताची मॅरेथॉन पेस आहे ६:०४, आधीच्या थ्रेशोल्डपेक्षा २० सेकंदांनी जलद! मी तिच्या शेजारून पळते म्हणून मला माहितीये की ह्यात काही जादू नाहीये, तिचं पळणं मधे तुटलं नाही एवढंच झालं. मोठा ब्रेक न घेता तिने सलग पळलेलं हे पहिलंच वर्ष.

हळू पळून जलद कसं होतं हे ज्यांना पटत नाही त्यांनी न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड ह्यांच्याबद्दल वाचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी त्यांच्या दोन शिष्यांनी गोल्ड मारलं, पीटर स्नेलने ८०० मीटर आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटर. स्नेल ८०० चा धावपटू, पावणेदोन मिनिटांचा खेळ, आणि त्याच्याकडूनही ऑकलंडबाहेरच्या डोंगररस्त्यांवर आठवड्याला १०० मैल काढून घ्यायचे, तेही आधी बेस बांधायला, वेगाचं काम नंतर. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हे सगळं सावकाश पळूनही होतं. आणि स्नायू लवकर तयार होतात पण हाडं आणि शिरा-कंडरा फार मागून येतात, म्हणून दम टिकतोय तरी नडगी दुखते.

बरं, वेळ आणायची कुठून? रेस नसेल तर ट्रॅकवर टेस्ट द्या. बालेवाडीला किंवा सणस मैदानावर, ४०० मीटरचा ट्रॅक, ५ के म्हणजे साडेबारा राऊंड. एकटं पळू नका, कोणीतरी राऊंड मोजायला हवंच, सातव्या-आठव्या राऊंडनंतर डोकं चालत नाही. रस्त्यावर घड्याळाच्या जीपीएसवर दिलेली टेस्ट मी धरत नाही, झाडांखाली आणि फ्लायओव्हरच्या खाली आकडा इकडेतिकडे जातो, पाच किलोमीटर म्हणून घड्याळ वाजतं तेव्हा खरं अंतर कमी झालेलं असू शकतं. आणि सातारा हिल हाफची वेळ कृपा करून टाकू नका. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि परत उतरायचं, ती वेळ सपाट रस्त्याच्या तक्त्यात टाकली तर आकडा उगाच खाली येतो. तीच गोष्ट उलट्या बाजूने, उताराच्या रेसचीही वेळ नको. हे तक्ते सपाट रस्ता आणि बरं हवामान धरून आहेत.

आणि हवामानावर मला जास्त बोलायचंय, कारण आपला खरा प्रश्न तो आहे. नणंद ठाण्याला येऊरच्या रस्त्याला पळते. जून ते ऑक्टोबर तिथे पहाटे पाचलासुद्धा हवा अशी जड असते की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, पायांना कमी पडतं, हृदय ती कसर भरून काढायला जोरात धावतं. पेस तीच, पण काम इझीचं राहत नाही. पुण्यात नोव्हेंबरात ७:३० ने पळणारी तीच व्यक्ती मुंबईत सप्टेंबरला ८ नेच पळणार, आणि तेच तिचं इझी आहे. कॅल्क्युलेटरमधून पेस वहीत लिहून घेतली की ती वर्षभर तीच राहते, बाहेरचा दमटपणा तुम्हालाच वजा करायला लागतो. ह्यासाठी जुनी पद्धत बेस्ट, बोलून बघायचं. आरतीचं एक कडवं मध्ये न थांबता म्हणता आलं तर इझी. दोन शब्दांनंतर श्वास लागला तर हळू व्हा, घड्याळ काहीही म्हणू दे. आमच्या ग्रुपमधले एक काका खरंच रामरक्षा म्हणत पळतात, त्यांना अजून काही दुखलेलं मी ऐकलं नाही.

हार्ट रेटचं काय असं विचाराल. वापरा, पण तुमचा जास्तीत जास्त हार्ट रेट किती हे आधी नीट कळायला हवं. २२० वजा वय हे सूत्र सगळे वापरतात, ते सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी दुसरं सूत्र दिलं, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा. पंचेचाळिशीत दोन्ही जवळपास सारखंच देतात, १७५ आणि १७६.५, पण साठीला १६० आणि १६६ असा फरक पडतो, म्हणजे वयस्कर पळणाऱ्यांना जुन्या सूत्राने उगाच जास्त मागे ओढलं जातं. तिसरं फिल मॅफेटोन ह्यांचं, ते जास्तीत जास्त हार्ट रेटचं नाही, ट्रेनिंगमधल्या मर्यादेचं आहे, १८० वजा वय, ह्याच्यावर जायचंच नाही, आजारपण किंवा दुखापत असेल तर अजून खाली. मार्क ॲलन, ज्यांनी हवाईची आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं अशी लांबची रेस) सहा वेळा जिंकली, ते ह्याच पद्धतीने तयार झाले. मला विचाराल तर अगदी नवीन माणसाला, किंवा ज्याला हळू पळवतच नाही त्याला, ही पद्धत चांगली लगाम घालते. फक्त मनगटावरच्या सेन्सरवर फार विसंबू नका, तो कधीकधी ठोक्यांऐवजी तुमची पावलंच मोजायला लागतो आणि आरामात पळत असताना १७० दाखवतो. छातीचा पट्टा लावलेला बरा.

घड्याळातले कोच पण वाईट नाहीत. गार्मिनच्या कोचमध्ये ग्रेग मॅकमिलन आणि जेफ गॅलोवे ह्यांच्यासारख्या माणसांचे प्लॅन आहेत, गॅलोवे म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला १०,००० मीटर पळालेले, रन-वॉक-रन ही पद्धत त्यांनीच लोकांपर्यंत नेली. पहिली हाफ करणाऱ्यांनी रन-वॉक जरूर करावं, सुरुवातीपासून ठरवून चालायचं, दमल्यावर नाही. ह्यात कमीपणा काहीच नाही, मी कितीतरी जणांना मरीन ड्राईव्हवर शेवटच्या टप्प्यात सलग पळणाऱ्यांना मागे टाकताना बघितलंय.

आता कॅल्क्युलेटर कुठे कमी पडतं. पहिलं म्हणजे फुल मॅरेथॉनची वेळ. तिथे ४:४९ लिहून येतं, त्याचा अर्थ तुम्ही फुलसाठी पुरेसं ट्रेनिंग केलं असेल तर ४:४९. आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर पळणाऱ्याला १० के वरून काढलेली फुलची वेळ सहसा मिळत नाही, तिसाव्या किलोमीटरनंतर पाय साथ सोडतात. मुंबई मॅरेथॉनला तर जास्तच, पहाटे पाचच्या सुमारास सुटता तेव्हा छान वाटतं, पण पाच तासवाल्याच्या वाट्याला शेवटचा तास-दीड तास ऊन येतं आणि नेमका तेव्हाच पेडर रोडचा चढ. सर पहिल्या फुलवाल्यांना त्या आकड्यात सरळ वीस-पंचवीस मिनिटं मिळवायला सांगतात, आणि मला ते पटतं.

दुसरं, लाँग रन. डॅनियल्स ह्यांचंच म्हणणं आहे की लाँग रन अडीच तासांच्या वर नेऊ नका आणि आठवड्याच्या एकूण अंतराच्या २५ ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्याकडे उलटं चालतं. डिसेंबर आला की ग्रुप ३२, ३५ किलोमीटरची एलएसडी लावतात आणि जो ८ च्या पेसने पळतो तो बिचारा साडेचार तास रस्त्यावर! आठवडाभरात बाकी काहीच नाही, दोन दिवस पाच-पाच किलोमीटर. मग पुढचे दहा दिवस तो नीट जिना उतरू शकत नाही. जलद माणूस ३२ किलोमीटर अडीच-पावणेतीन तासात काढतो, त्याचा प्लॅन किलोमीटरमध्ये मोजला तर चालतं, हळू माणसाचा प्लॅन तासांमध्येच मोजायला हवा. ही एक गोष्ट जरी ग्रुपांनी बदलली तरी जानेवारीत फिजिओकडची गर्दी कमी होईल असं मला खरंच वाटतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, तुम्ही कोण आहात हे त्या साईटला माहीत नसतं. इथे माणूस लागतो.

आम्ही आधी एका ग्रुपला पैसे भरत होतो, नाव घेत नाही. चांगले टीशर्ट, चांगले फोटो, स्ट्रेचिंग पण व्यवस्थित. पण प्लॅन एकच, सगळ्यांना, रविवारी रात्री एक एक्सेल यायची आणि त्यात मंगळवारी ८०० मीटरचे सहा, पेस लिहिलेली, सगळ्यांना तीच पेस. नवऱ्याने विचारलं की माझा १० के टाइम बघितलात का, तर उत्तर आलं "दादा, मनात आणलं की होतं". आम्ही त्या महिन्यानंतर थांबलो. पैसे घेता तर एकदा तरी समोर बसवून विचारा ना!

आताचे सर पहिल्या दिवशी पळायलाच देत नाहीत, तासभर बोलतात. शेवटची रेस कधी, किती वेळ, आठवड्याला खरंच किती दिवस मिळतात, झोप किती, काम उभ्याने की बसून, आधी काय दुखलंय. आणि बायकांना पहिला प्रश्न, हिमोग्लोबिन कधी तपासलं? मला हा प्रश्न विचारणारा पहिला कोच भेटला म्हणून मी इतकी भरभरून लिहितीये. एनएफएचएस-५ च्या, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेमध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायलाच कमी असेल तर कुठलाही तक्ता काय करणार? एका मैत्रिणीची वेळ वर्षभर हलत नव्हती, सगळे म्हणत होते मेहनत कमी पडते, सरांनी इंटरव्हल बंद करून आधी रक्त तपासायला आणि डॉक्टरांकडे पाठवलं. लोह वाढल्यावर मग टेस्ट. पाळीच्या आधीच्या दिवसांत, मेनोपॉजच्या आसपास झोप उडते तेव्हा, त्या त्या आठवड्याची पेस ते फोनवर बोलून बदलतात. थ्रेशोल्डच्या दिवशी "रात्री झोप झाली नाही" म्हटलं की "आज इझी करा, गुरुवारी बघू" एवढंच, त्यावर भाषण नाही.

पेस वाढवायची घाई पण ते करू देत नाहीत. टेस्टमध्ये व्हीडॉट वाढला तरच पेस वाढते, नाहीतर चार-सहा आठवडे तीच राहते, आणि तीच पेस सोपी वाटायला लागली की समजायचं काम होतंय. माझ्यासारख्या माणसाला मधेच जोर लावावासा वाटतो, तेव्हा कोणीतरी "थांबा" म्हणणारं लागतं, आणि खरं सांगायचं तर महिन्याचे पैसे मी त्या एका शब्दाचे देते.

कोच न जमणं म्हणजे कोच वाईट असंही नाही हं. आपल्या आष्टीचा, बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बघा. आर्मीत अमरीश कुमार ह्यांच्याकडे सुरुवात, मग निकोलाय स्नेसारेव्ह ह्या परदेशी कोचकडे, ते जमलं नाही म्हणून परत अमरीश कुमार ह्यांच्याकडे, आणि पुढे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स ह्यांच्याकडे. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत पळायच्या रेसमध्ये) ८:११.२० ला सिल्व्हर, गोल्ड फक्त ०.०५ सेकंदांनी हुकलं. स्नेसारेव्ह ह्यांनी इतर खेळाडू घडवलेच की. एवढ्या वरच्या माणसालाही आपल्याला मानवणारा कोच शोधायला लागतो, मग आपण एका ग्रुपमध्ये जमलं नाही म्हणून पळणं सोडायचं काही कारण नाही. दोन-तीन महिने द्या, नाही जमलं तर नम्रपणे सांगून दुसरीकडे जा.

नवीन माणसांसाठी एक स्पष्ट सांगते, ज्यांना अजून सलग अर्धा तास पळता येत नाही त्यांनी हे कॅल्क्युलेटर उघडूच नका. चाला, पळा, चाला, बोलता येईल इतपतच, तीन-चार महिने. टेस्ट देण्याइतकं अंग तयार झालं की मग.

आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉन करणाऱ्यांनी टेस्टची तारीख नीट निवडा. ऑक्टोबर हीटमध्ये देऊ नका, आकडा पडतो आणि मन पण पडतं. दिवाळीच्या आठवड्यातही नको, झोप आणि फराळ दोन्हीचा भरवसा नसतो. नोव्हेंबरच्या मध्यावर, पहाटे गार असताना ट्रॅकवर ५ के द्या, त्या आकड्यावर डिसेंबरच्या पेस ठरवा, आणि रेसच्या दोन-तीन आठवडे आधी दुसरी टेस्ट देऊ नका, तेव्हा फक्त अंतर कमी करायचं असतं. मुंबईत राहणाऱ्यांनी टेस्ट मुंबईतच द्या, पुण्याच्या थंडीत येऊन आणलेली वेळ तुम्हाला तिथे सी लिंकवर उपयोगाची नाही.

कॅल्क्युलेटरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो फुलच्या वेळेसाठी, तिथे ठळक अक्षरात "आठवड्याचं अंतर पुरेसं असेल तरच" असं लिहायला हवं होतं. पुण्यातल्या कोणाला टेस्टच्या दिवशी राऊंड मोजायला माणूस हवा असेल तर खाली लिहा, शनिवारी सकाळी सहानंतर मी सणसला असते.